सुपातली इटली

राहीबाईला दुसरीपर्यंतची शाळा, आणि दुसरीतलंही अर्धं वर्ष म्हशींच्या मागं गेलं. सहीपुरती अक्षरं येतात, एसटीची पाटी लावता येते, गोळ्यांच्या पाकिटावरचं काही येत नाही. पण दोन्ही मोठ्या लढायांत कुठला देश कुणाच्या पंगतीला बसला, कोण मधेच पानावरून उठला आणि कोण वरात निघाल्यावर डोक्याला तेल लावून हजर झाला, हे तिला विचारावं. अठ्ठ्याहत्तरावं वर्ष चालू आहे, कंबर वाकली, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदूची भिंगं बसली. तरी रशिया आणि जर्मन कधी एक झाले आणि कधी फाटले, ते ती भाकरी थापता थापता सांगते, आणि भाकरी करपत नाही.

या सगळ्याची सुरुवात एका भरल्या तांब्यापासून झाली.

करंजमाळ हे गाव रहिमतपूरच्या अलीकडं, ऊस आणि घेवड्याच्या रानात. घरटी एक तरी माणूस पलटणीत. मारुतीच्या देवळासमोर एक उभा दगड आहे, पन्नास सालच्या पहिल्या सव्वीस जानेवारीला रोवलेला. त्यावर मोठ्या लढाईला गेलेल्यांची नावं. त्या दगडाची गावाची एक रीत आहे. सव्वीस जानेवारीला झेंडा झाला, जिलबी वाटून झाली, की ज्या घराचं नाव दगडावर आहे त्या घरच्या बाईनं तांब्याभर पाणी घेऊन पुढं यायचं. दगड धुवायचा, आपल्या माणसाच्या नावाला हळदीकुंकू वाहायचं. ज्यांचं नाव नाही त्या बायकांनी लिंबाखाली उभं राहून बघायचं. तिथं दोरी बांधलेली नाही की रेघ मारलेली नाही, पण ती हद्द कुणी ओलांडत नाही.

राहीबाई माण तालुक्यातल्या एका वाडीतून इथं सून म्हणून आली तेव्हा सोळा वर्षांची होती. तिकडं पाण्याचा दुष्काळ, इथं आडाला बारमाही पाणी, त्यामुळं पहिल्या वर्षी ती हसतच असायची. सासरा जोतिबा पलटणीतून आलेला, हे लग्नाच्या बैठकीतच सांगितलं होतं. मग पहिली सव्वीस जानेवारी आली तशी तिनं कुणाला न विचारता तांब्या घासला, भरला, वर नवा रुमाल टाकला आणि बायकांच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

दगडापाशी भाऊसो हवालदारांची बायको उभी होती. ती मोठ्यानं बोलली नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

"पोरी, तुज्या घराचं नाव न्हाई दगडावर. लिंबाखाली हो."

राहीबाई लिंबाखाली गेली नाही. भरला तांब्या घेऊन तशीच घरी आली.

जोतिबा ओट्यावर वाखाचा सोल वळत बसला होता. त्यानं तांब्याकडं बघितलं. पाणी काठोकाठ होतं, रुमालसुद्धा भिजला नव्हता.

"भरलेलाच आणलास?"

"आपलं नाव न्हाई म्हनं, मामंजी."

जोतिबानं सोल खाली ठेवला. मग म्हणाला, "सूप आन. आन घरात जेवढ्या जातीचं धान्य आसंल, ते मूठ मूठ आन."

नव्या सुनेला वाटलं, सासऱ्याचं डोकं फिरलं. पण तिनं आणलं. जोतिबानं सूप दोघांच्या मधे ठेवलं आणि एकेक मूठ मांडत गेला.

"ह्यो हरभरा. ह्यो इंग्रज. फुगीर असतोय, म्हनून. ही तूर, जर्मन. शिजता शिजत न्हाई. ह्यो जोंधळा म्हंजी रशिया, मोजायला जाऊ नगंस. हळकुंड, जपान. मिरची, तुर्कस्तान. शेंग, अमेरिका. आन ह्यो..." त्यानं तांबड्या रेघांचा वाघ्या घेवडा ओंजळीत घेतला आणि तो सुपात टाकायच्या आधी क्षणभर तसाच धरला. "ही इटली."

मग त्यानं सुपात लढाई लावली. पहिल्या लढाईत हळकुंड हरभऱ्याच्या बाजूला होतं, मिरची तुरीच्या बाजूला. घेवड्याची सुपारी फुटली होती तुरीशी, पण ऐन मांडवात तो हरभऱ्याच्या बाजूला जाऊन बसला. दुसऱ्या लढाईत हळकुंड फिरलं आणि हरभऱ्याच्या उरावर बसलं. जोंधळ्यानं आधी तुरीशी संगनमत करून पोलंडचं रान मधोमध वाटून घेतलं, आणि दोन वर्षं होतायत तोवर तूर जोंधळ्याच्याच दारात कुऱ्हाड घेऊन उभी. मिरची सगळी लढाई बांधावर बसून होती, वरात निघाल्यावर आत शिरली. शेंग दोन्ही वेळा दुसऱ्या पंगतीला आली, पण आली ती पोतं घेऊन आली.

राहीबाईनं तोंडावर पदर धरला. हसू आवरेना. "मामंजी, ह्ये तर आपल्या भावकीवानी झालं."

"भावकीच ती. नुसत्या बंदुका मोठ्या."

"आन आपन? आपन कुनाच्या बाजूला व्हतो?"

जोतिबानं सुपाकडं बघितलं. "आपल्याला कुनी इचारलंच न्हाई, पोरी. मालक लग्नाला निघाला, म्हनून गडी मागनं."

मग त्यानं स्वतःचं सांगितलं. आफ्रिकेच्या वाळूत तोब्रुकला तो पकडला गेला. जर्मन-इटलीची जोडी होती तेव्हा. बोटीत घालून इटलीला नेलं, तारेच्या कुंपणात ठेवलं. तिथं सव्वा वर्ष काढलं. मग एक दिवस पहारेकऱ्यांनी टोप्या उडवल्या, एकमेकांचे मुके घेतले आणि फाटक उघडं टाकून आपापल्या गावाला चालते झाले. इटलीनं इंग्रजाशी तह केला होता. आता मागून जर्मन येणार म्हणून जोतिबा आणि सगळेच डोंगराकडं पळाले. तिकडं द्राक्षं काढणीला आली होती. डोंगरातल्या एका घरानं त्याला आत घेतलं. त्या घरच्या म्हातारीचा लेक जर्मनच्या बाजूनं लढायला रशियात गेला होता आणि बर्फातून परत आला नव्हता. तिनं लेकाचा कोट जोतिबाच्या अंगात घातला. जर्मन झडतीला आले तर बोलण्यावरून ओळखतील, म्हणून त्याला मुका गडी केलं. सापडला असता तर ते घर जाळलं असतं. नऊ महिने त्यांनी त्याला सांभाळलं.

"आन पयल्या दिवशी त्या म्हातारीनं वाडग्यात काय वाढलं म्हाईत हाय?" जोतिबानं घेवड्याचा एक दाणा उचलला. "ह्योच. तांबड्या रेघांचा. डिट्टो आपला. मी वाडग्यात बघितलं आन रडायला लागलो. म्हातारीला वाटलं तिखट लागलं. त्या लोकांला कुठलं तिखट!"

पुढं इंग्रजी फौज आली, हा पलटणीत परत हजर झाला, लढाई संपली, गावी आला. चावडीवर लोकांनी विचारलं, कुठं होतास? यानं सरळ सांगितलं, "इटलीच्या घरात. लेकासारखा ठेवला त्यांनी." तिथं भाऊसो हवालदार बसले होते. त्यांचा सख्खा भाऊ एकेचाळीस साली आफ्रिकेत इटलीच्याच गोळीनं मेला होता, आणि स्वतः भाऊसो पाय गमावून घरी आले होते. त्यांच्यासाठी इटली म्हणजे ती गोळी. देशसुद्धा अर्ध्यावर बाजू बदलतो, हे चावडीवर बसलेल्या एकालाही माहीत नव्हतं. गावात वैर म्हणजे वैर, नातवापर्यंत चालणारं.

"माज्या भावाला मारनाऱ्याच्या घरात जेवलास?" एवढंच भाऊसो म्हणाले. पन्नास साली दगड रोवला तेव्हा नावांची यादी भाऊसोंनीच केली.

जोतिबानं समजावून सांगितलं नाही. त्याच्याकडं पलटणीचं डिस्चार्ज बुक होतं, सगळं त्यात लिहिलेलं होतं. पण ज्या गावानं तोंडाच्या शब्दावर विश्वास ठेवला नाही, त्या गावाला कागद दाखवायचा नाही, असा त्याचा हट्ट. मुलगा अर्जुना मोठा झाल्यावर त्यालाही शपथ घातली. इटलीत नऊ महिने मुका राहिलेला माणूस करंजमाळात चाळीस वर्षं मुका राहिला, ते सुपाजवळ सुनेशी बोलायचा तेवढंच. तो गेला तेव्हा ट्रंकेत पुस्तक तसंच होतं. अर्जुना राहीबाईचा नवरा, तोही तीन वर्षांखाली गेला, पण शपथ पाळून गेला.

दर सव्वीस जानेवारीला राहीबाई लिंबाखाली उभी राहिली. साठाच्या वर वर्षं झाली. लिंब एकदा वाऱ्यानं मोडला आणि परत फुटला, एवढी वर्षं.

यंदा नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात तिची नात शिवांजली साताऱ्याहून सुट्टीला आली. शिवांजली कॉलेजात इतिहास शिकते. आल्या आल्या म्हणाली, "आज्जी, कळलं का? जुना दगड झिजला म्हणून नवा बसवतायत. मलकापूरहून काळा ग्रॅनाइट आणलाय. नावं खडूनं लिहून झाली, सोमवारी मशिनीनं कोरणार."

राहीबाई घेवडा निवडत होती. हात थांबला. "एकदा कोरलं की परत?"

"परत काय, आज्जी. शंभर वर्षांचं काम ते."

राहीबाई उठली. धान्याच्या कणगीमागची ट्रंक ओढली आणि तळातलं कापडात बांधलेलं पुस्तक काढलं.

शिवांजली पुढं वाकली. "आज्जी! आजोबांना शपथ होती ना?"

"त्यास्नी व्हती. मला कुनी घातली? सुनंला कोन इचारतंय शपतंला!" राहीबाईनं पुस्तक तिच्या हातात दिलं. "वाच. आन मला नुसत्या तारखा सांग."

शिवांजलीनं वाचलं. तारखा सांगितल्या. राहीबाईनं त्या बोटांच्या पेरांवर मोजून घेतल्या, दोनदा म्हणून बघितल्या, आणि पुस्तक परत कापडात बांधलं.

रविवारी सकाळी मारुतीच्या मंडपात बैठक भरली. समितीचे अध्यक्ष सुभेदार लालासाहेब, भाऊसो हवालदारांचा धाकटा मुलगा. पेन्शनीत आला तरी ताठ कण्याचा, इस्त्रीच्या पँटीचा. नवा काळाभोर दगड मंडपाच्या खांबाला टेकवून ठेवला होता, त्यावर खडूनं लिहिलेली नावं पांढरीशुभ्र दिसत होती. लालासाहेबांनी एकेचाळीस नावं खणखणीत आवाजात वाचली आणि विचारलं, "कुनाची हरकत?"

असं विचारायची पद्धत असते आणि कुणी काही न बोलायचीही पद्धत असते. पण मागून आवाज आला, "माजी हाय."

राहीबाई पुढं आली. काखेत सूप, हातात सात पुरचुंड्यांची पिशवी. मागं शिवांजली.

"आरं, म्हातारी पाखडायला आली का काय!" कोणीतरी म्हणालं आणि मंडप हसला.

"पाखडायलाच आलीया," राहीबाई म्हणाली. "लय वर्सं झाली, खडं तसंच राह्यल्यात."

लालासाहेबांनी खुर्ची पुढं सरकवली. "वैनी, बसा. पन दगड म्हंजी लग्नाची पत्रिका न्हवं. राह्यलेलं नाव पेनानं घालायला."

"मला खाली बसू द्या, भावजी. खुर्चीत बसून सूप धरता येत न्हाई."

तिनं फरशीवर सूप ठेवलं आणि पुरचुंड्या सोडायला लागली. रंगुबाई, तिची शेजारीण, आणि लिंबाखालची साठ वर्षांची सोबतीण, सरकत सरकत पुढं येऊन बसली. हरभरा, तूर, जोंधळा, हळकुंडं, मिरच्या, शेंगा. सगळ्यांत शेवटी घेवडा.

"ह्यो इंग्रज. ही जर्मन. ह्यो रशिया."

एक म्हातारा म्हणाला, "आगं, शाळंत हाय का आपन?"

"तुमी शाळंत न्हवता, म्हनून तर ही येळ आली," राहीबाई म्हणाली.

"लालासाहेब, गप ऱ्हावा हां," रंगुबाईनं मधेच सांगितलं, खरं म्हणजे लालासाहेब काहीच बोलले नव्हते. "तुमचं भाषान आमी दर वर्साला ऐकतो. आज तिचं ऐका."

आणि राहीबाईनं सुपात लढाई लावली. सासऱ्यानं लावली होती तशीच, पण एवढ्या वर्षांत तिनं तिला स्वतःचा मसाला लावला होता. जपान म्हणजे हळकुंड पहिल्या लढाईत हरभऱ्याचा जावई, दुसऱ्यात वैरी. तुर्कस्तानची मिरची जात्यातले रडताना सुपात बसून हसणारी. लोक आधी हसायला म्हणून ऐकत होते, मग ऐकायला म्हणून ऐकायला लागले. रशिया सुपाच्या कडेला जर्मनच्या समोर उभा राहिला तेवढ्यात देवळातली कोंबडी आली आणि तिनं टचटच अर्धा रशिया टिपला.

"जर्मनला जमलं न्हाई ते कोंबडीनं केलं!" मागून कुणीतरी ओरडलं, आणि सुभेदारसुद्धा हसले.

राहीबाईनं कोंबडीला हुसकलं. मग घेवडा हातात घेतला, आणि हसणं आपोआप थांबलं.

"ही इटली. आधी तुरीच्या बाजूला. खरं हाय. एकेचाळीस सालात हिनं भावजींचा चुलता मारला. ते नाव दगडावर हाय आन असायलाच पायजे. माजा सासरा मरूस्तवर रोज सकाळी त्या नावाला हात जोडायचा. बघितलंय मी." तिनं घेवडा तुरीजवळ ठेवला. मग बोटानं सरकवत सरकवत हरभऱ्याजवळ आणला. "भादव्यात, त्रेचाळीस सालच्या, ही हिकडं आली. आन तवापासनं तुरीनं हिचीच घरं जाळली. ज्या घरात माजा सासरा लपला, त्ये घर तुरीला सापडलं असतं तर त्या बाईला भिंतीला लावून मारली असती. त्या घरात जेवला म्हनून ह्या गावानं त्याचं नाव गाळलं."

लालासाहेबांचा चेहरा ओढला गेला. "वैनी, माज्या बाचा निवाडा हाय त्यो. भाऊ गेल्याला मानूस त्यो. त्यानं गाळलं त्ये काय मौजंनं न्हाई गाळलं."

"मौजंनं म्हनलं का मी?"

"आन बाजू बदलली म्हंजी रक्त धुतलं जातंय व्हय? आज मारायचं, उद्या जेवू घालायचं?"

मंडपात माना हलल्या. हे खरं होतं. सुपातल्या धान्यानं त्याला उत्तर होत नव्हतं. शिवांजलीनं आज्जीकडं बघितलं. राहीबाई सूप बाजूला सारून लालासाहेबांकडं तोंड करून बसली.

"भावजी, तुमी लंकेला गेला व्हता. कवा?"

"सत्त्याऐंशीला, शांतिसेनेतनं. ह्यात लंका कुठं आली?"

"येऊ द्या की. मारुतीचंच देऊळ हाय. उतरला तवा काय झालं?"

सगळ्या गावाला ते पाठ होतं. लालासाहेब दर बेंदराला सांगायचे. "हार घातले लोकांनी. शहाळी दिली. पोरं ट्रकाच्या मागं पळायची."

"आन दिवाळीच्या तोंडावर?"

लालासाहेबांच्या पलटणीतला जोडीदार, शेजारच्याच गावचा, तिथून परत आला नव्हता. तेही सगळ्यांना माहीत होतं.

राहीबाईनं आवाज खाली घेतला. "ज्या मुलखानं शहाळं दिलं त्याच मुलखातनं गोळी आली. तुमी त्या पयल्या महिन्यात शहाळं प्यालात. आता खरं सांगा, देवाच्या म्होरं हाय आपन. त्ये शहाळं दुस्मनाचं व्हतं का मैतराचं?"

लालासाहेब दगडाकडं वळले. "मैतराचं," ते म्हणाले. "त्या दिवशी मैतराचंच व्हतं."

"मग माज्या सासऱ्याला बी तोच कायदा लावा. ज्या दिवशी जेवला, त्या दिवशी इटली कुनाची व्हती, एवढंच बघा."

"पन त्यो दिवस कुठला, ह्ये कोन सांगनार? तुमी सांगताय भादवा. मी म्हनीन जेठ. कागद पायजे, वैनी. फौजंत कागदाशिवाय चहा बी मिळत न्हाई."

राहीबाई याचीच वाट बघत होती. तिनं कनवटीची पुरचुंडी सोडावी तशी कापडाची गाठ सोडली आणि पुस्तक पुढं केलं. मंडपातले सगळे पुढं वाकले. शिवांजलीनं वाचायला हात लांबवला, तसा राहीबाईनं तो अलगद बाजूला केला.

"तू नगं. घरच्या पोरीनं वाचलं तर म्हंतील पदरचं घातलं. भावजी, तुमीच वाचा. तुमच्याइतकं फौजंचं लिवनं गावात कुनाला कळतंय?"

सत्तर वर्षांहून जास्त काळ ज्या पुस्तकाचं पान गावानं बघितलं नव्हतं, ते लालासाहेबांच्या हातात आलं. मनात आणलं असतं तर ते काहीही वाचू शकले असते. अक्षर पुसट होतं, इंग्रजी होतं, मंडपात ते नीट वाचणारी एकटी शिवांजली. लालासाहेबांनी चष्मा लावला. कण्यात आणखी ताठ झाले.

"जून बेचाळीस, तोब्रुक. युद्धकैदी." त्यांनी पान उलटलं. "सप्टेंबर त्रेचाळीस. कैदंतनं निसटला." मंडपात कुजबुज झाली. "जून चव्वेचाळीस. स्वतःहून पलटणीत हजर."

"सप्टेंबर म्हंजी भादवाच की!" रंगुबाई ओरडली.

लालासाहेबांनी हात वर केला, अजून संपलं नव्हतं. शेवटच्या पानावर ते अडखळले. चष्मा काढून पुसला, परत लावला.

"वर्तणूक," ते म्हणाले आणि थांबले. "एक्झेम्प्लरी."

"म्हंजी काय वं?"

"म्हंजी याच्या वर शेरा नसतो फौजंत." त्यांनी पुस्तक मिटलं. मग, कुणीही विचारलेलं नसताना, म्हणाले, "माज्या पुस्तकात नुसतं व्हेरी गुड हाय."

देवळातली कोंबडी उरलेला रशिया टिपायला परत आली, आणि तिला कुणी हुसकलं नाही.

लालासाहेब उठले, दगडापाशी गेले. नावं वरपासून खालपर्यंत दाटीनं बसवलेली, जागा कुठं नव्हती. त्यांनी खिशातला रुमाल काढला. चुलत्याच्या नावाखालची सगळी ओळ न् ओळ पुसली, स्वतःच्या बापाचं नावसुद्धा. मग खडू घेऊन चुलत्याच्या नावाखाली, लागूनच, जोतिबाचं नाव लिहिलं. त्याखाली बापाचं. मग बाकीची परत, जरा बारीक अक्षरात, एकेक करून. रुमाल आणि पँट पांढरीफेक झाली.

"सोमवारी म्हनालेला न्हवं?" राहीबाई सूप उचलत म्हणाली. "आता बेचाळीस हायत. मशिनवाल्याला सांगा, आन तिथंच उभं ऱ्हावा. जोतिबाचा जोगोबा करून ठेवंल."

सव्वीस जानेवारीला थंडी होती. झेंडा झाला, भाषण झालं, आणि भाषणात यंदा लंकेबरोबर इटलीही आली. नव्या दगडावर ऊन चमकत होतं. लालासाहेबांनी घसा साफ केला. दरवर्षी पहिला तांब्या त्यांच्या घराचा असायचा. त्यांची बायको तांब्या घेऊन तयारच होती. तिनं तो कमरेवर धरला आणि मागं वळून लिंबाकडं हाक मारली.

"राहीवैनी, यावा. पयलं पानी तुमचं."

राहीबाई लिंबाखालून निघाली. पन्नास पावलं असतील. रंगुबाई म्हणते, ती त्या वेळी सोळा वर्षांच्या पोरीसारखी चालली. राहीबाई म्हणते, गुडघा दुखत होता म्हणून हळू चालले, बाकी काही नाही. तांब्या तोच, लग्नातला, शिवांजलीनं चिंच लावून घासलेला. तिनं तो दगडावर ओतला तेव्हा एवढं पाणी आलं, एवढं पाणी आलं, की लालासाहेबांचे पॉलिश केलेले बूट भिजले आणि ते मागं सरले नाहीत. मग तिनं बोटानं नाव चाचपलं, बोटाला अक्षर ओळखता येत नव्हतं म्हणून शिवांजलीनं बोट धरून नेलं, आणि हळदीकुंकू लावलं. वरच्या नावालाही लावलं. ते तिच्या घरचं नव्हतं, पण सासरा गेल्यापासून त्याच्या वतीनं त्या नावाला हात जोडायचे राहिले होते.

"वैनी," लालासाहेब हळूच म्हणाले, "आज पंगत कुनाकडनं?"

सव्वीस जानेवारीला गावजेवण असतं आणि दरवर्षी पुरी-बटाट्याची भाजी असते. राहीबाईनं शाळेच्या पटांगणाकडं हात केला. तिथं चुलवणावर तीन पातेली रटरटत होती, आणि वाफेला लसणाचा, काळ्या मसाल्याचा वास होता.

"माज्याकडनं. दोन दिस भिजत घातलेला घेवडा हाय."

पंगत बसली. सगळ्यांत आधी लालासाहेबांच्या पानावर उसळ पडली, तांबड्या रेघा शिजून फिकट झालेली. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, उसळीत बुडवला आणि तोंडात घालायच्या आधी राहीबाईकडं बघितलं.

"खावा, भावजी," राहीबाई वाढतच पुढं गेली. "इटलीच हाय."

त्या दिवशी करंजमाळात चारशे पानं उठली, आणि उसळ दोनदा मागितली नाही असं एकही पान नव्हतं.